विसाव्याचा वार
कुणाचा शनिवार, कुणाचा रविवार – आणि उसाच्या फडातला वार कोणता?



सणांविषयी लिहायचे म्हटले की दिवाळी, दसरा, ईद, नाताळ ही वर्षातून एकदा येणारी मोठी नावे पुढे होतात. त्यांच्या कथा आपण लहानपणापासून ऐकल्या आहेत. पण एक सुट्टी अशी आहे की ती वर्षातून बावन्न वेळा येते, सगळ्या धर्मांच्या घरांत येते, आणि तिची कथा मात्र फारसे कुणी सांगत नाही. ती म्हणजे आठवड्याची सुट्टी. पोराला शाळा नाही, बँक बंद, तलाठी भेटायचा नाही, एवढ्यावरून आपण ओळखतो की आज रविवार. हा रविवार आला कुठून, कोणी दिला, आणि कोणाला अजून मिळाला नाही, याचा या अंकात थोडा विचार करावा असे आम्हाला वाटले. गळीत हंगाम तोंडावर असताना हा विषय का काढला, ते शेवटी लक्षात येईल.

सातच वार का?

दिवस सूर्याने दिला. महिना चंद्राने दिला. वर्षही ऋतुचक्राने, म्हणजे सूर्यानेच दिले. पण सात दिवसांचा आठवडा आकाशातल्या कोणत्याच फेऱ्याशी नेमका जुळत नाही. तो माणसाने ठरवला आहे.

वारांची नावे सात ग्रहांवरून आली हे सर्वांना ठाऊक आहे. पण शनीनंतर रवी आणि रवीनंतर सोम हा क्रम कसा लागला, त्याची गंमत ऐकण्यासारखी आहे. जुन्या लोकांनी ग्रह मंद गतीपासून जलद गतीपर्यंत असे मांडले: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या चोवीस तासांतला एकेक तास, म्हणजे होरा, या क्रमाने एकेका ग्रहाला दिला. पहिला तास ज्याचा, त्याच्या नावाचा तो वार. शनीपासून मोजत गेले की सातचे तीन फेरे होऊन एकवीस तास संपतात, उरलेले तीन तास शनी, गुरू, मंगळ यांना जातात, आणि दुसऱ्या दिवसाचा पहिला तास येतो रवीचा. तसेच पुढे मोजले की सोम, मग मंगळ, मग बुध. शेतावर पाण्याच्या पाळ्या लावणाऱ्या आपल्यासारख्या माणसाला हा हिशोब चटकन उमगेल. पाळीपत्रकच आहे ते, फक्त पाण्याऐवजी तासांचे.

ही पद्धत ग्रीक-रोमन जगात रुळली आणि ज्योतिषाबरोबर भारतात आली. मध्य प्रदेशातल्या एरण येथे राजा बुधगुप्ताच्या काळचा, इ. स. ४८४ चा स्तंभलेख आहे. त्यात तिथीबरोबर गुरुवारचा उल्लेख आहे. तारीख ठाऊक असलेल्या भारतीय लेखांत वाराचा हा फार जुना उल्लेख मानतात. त्याआधी आपला कारभार सारा तिथीवर चालत असे.

शनिवार : बैलालाही सुट्टी

आठवड्यातला एक दिवस काम बंद, हा नेम सर्वांत आधी आणि सर्वांत कडक पाळला तो यहुदी लोकांनी. त्यांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री चांदण्या दिसल्या की संपतो. देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून माणसानेही घ्यावा, अशी त्यांची श्रद्धा.

पण त्या धर्माज्ञेत आणखी एक गोष्ट आहे आणि ती आम्हाला फार मोलाची वाटते. विसावा फक्त घरधन्याला नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, दाराशी आलेला परका माणूस, इतकेच नव्हे तर बैल आणि गाढव यांनाही तो द्यावा, असे तिथे नावे घेऊन सांगितले आहे. कारणही दिले आहे. तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होता, ते विसरू नका. ज्याने ओझे वाहिले आहे त्यालाच दुसऱ्याच्या ओझ्याची किंमत कळते, एवढाच त्याचा अर्थ.

याच लोकांनी जमिनीलाही सुट्टी दिली. सहा वर्षे पेरायचे, सातव्या वर्षी रान पडीक ठेवायचे, आणि आपोआप उगवेल ते गोरगरिबांना खुले सोडायचे. या वर्षाला ते शमिता म्हणतात. २०२१-२२ हे असेच वर्ष होते. इस्राएलमध्ये काही शेतकरी ते आजही तंतोतंत पाळतात, तर काही जण तेवढ्या काळापुरती जमीन कागदोपत्री दुसऱ्या धर्माच्या माणसाला विकून शेती चालू ठेवतात. पळवाट सगळीकडे असतेच! पण लागण, खोडवा, निडवा आणि पुन्हा लागण असे रान वर्षानुवर्षे राबवणाऱ्यांनी, मध्ये एखादे पीक तागाचे किंवा धैंच्याचे घेऊन ते गाडावे, हे आपले ऊस विकासाचे लोक सांगतात त्यामागचा विचार काही निराळा नाही.

हा शनिवार फार दूरचा आहे असेही नाही. आपल्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल समाज शेकडो वर्षे राहिला. पेणकर, रेवदंडेकर अशी गावांवरून आडनावे, घरात बोली मराठी, धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्या सणांची नावेही मराठमोळी. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. त्यांच्या पुरीम या सणाला तर ते होळीचा सण म्हणत, कारण दोन्ही साधारण एकाच सुमारास येतात. १९४८ नंतर यातले बहुतेक लोक इस्राएलला गेले. पण घाण्याचा बैल शनिवारी सुटलेला असे आणि त्यावर गावात कुणाची तक्रार नव्हती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

रविवार : शेतकऱ्याला वगळले

येशू ख्रिस्त रविवारी पुन्हा उठला या श्रद्धेमुळे ख्रिस्ती लोक रविवारी प्रार्थनेला जमू लागले. पण पहिली तीनशे वर्षे तो सुट्टीचा दिवस नव्हता. प्रार्थना आटोपली की जो तो कामाला. इ. स. ३२१ साली रोमचा बादशहा कॉन्स्टंटाइन याने हुकूम काढला की सूर्याच्या या दिवशी न्यायाधीशांनी, शहरातल्या लोकांनी आणि कारागिरांनी काम बंद ठेवावे.

त्याच हुकमात पुढे शेतकऱ्याला मोकळीक दिली आहे. पेरणीला किंवा द्राक्षवेल लावायला योग्य असा दिवस पुष्कळदा नेमका त्याच दिवशी येतो, तो हुकला तर देवाने दिलेले दान हातचे जाईल, म्हणून शेतकऱ्याने खुशाल काम करावे. सतराशे वर्षांपूर्वीच्या बादशहालाही वाफशाचे महत्त्व समजले होते म्हणायचे! पण याची दुसरी बाजूही आहे. कायद्याने सुट्टी दिली ती पहिल्याच दिवसापासून शहराला दिली, आणि शेतावर राबणारा बाहेर राहिला. तो आजवर बराचसा बाहेरच आहे.

शुक्रवार : दुकान बंद, मग पुन्हा उघडे

मुसलमान बांधवांचा शुक्रवार हा जुम्म्याचा दिवस. पुष्कळांना वाटते की तो त्यांचा रविवारच. पण मूळ आज्ञा तशी नाही. नमाजाची हाक आली की खरेदी-विक्री सोडून या, आणि नमाज झाली की पुन्हा पांगून आपल्या रोजीरोटीला लागा, असे कुराणात सांगितले आहे. म्हणजे ती दिवसभराची सुट्टी नसून कामाच्या मधोमध घेतलेला विसावा आहे. शुक्रवारची सरकारी सुट्टी पुष्कळ देशांत अलीकडची. पाकिस्तानात ती १९७७ साली आली आणि १९९७ साली पुन्हा रविवार झाला. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ पासून शुक्रवारी अर्धा दिवस काम आणि शनिवार-रविवार सुट्टी असे केले. धर्म एकच, पण सुट्टी व्यवहार पाहून बदलली.

आपली जुनी रीत

मग आपल्याकडे सुट्टी नव्हती काय? होती, पण ती वारावर नव्हती, तिथीवर होती. पाठशाळेत प्रतिपदा, अष्टमी अशा तिथींना अनध्याय असे. बौद्धांमध्ये पौर्णिमा, अमावास्या आणि अष्टमी हे उपोसथाचे दिवस. आजही आपल्या भागातले कित्येक गवंडी, सुतार अमावास्येला हत्याराला हात लावत नाहीत. शेतमजुराचा विसावा म्हणजे बाजारचा दिवस. त्या दिवशी हातात पैसे पडायचे, आणि मीठ-मिरची आणायला सवडही व्हायची.

आणि बैल? सोमवार महादेवाचा, नंदी त्याचे वाहन, म्हणून सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाही, असा नेम आपल्या दक्षिण भागात आणि कर्नाटकात पुष्कळ घरांनी पिढ्यान् पिढ्या पाळला. शिवाय वर्षाचा त्याचा मोठा दिवस वेगळा. कुठे श्रावणी अमावास्येला पोळा, तर कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे त्याआधी येणारा बेंदूर. आदल्या दिवशी खांदेमळणी, तूप-हळदीने खांदा चोळायचा, दुसऱ्या दिवशी अंघोळ, झूल, शिंगांना रंग, पुरणपोळीचा घास. त्या दिवशी त्याच्यावर चाबूक उगारायचा नाही. वर्षभर खांद्यावर जे ओझे दिले, त्याची कबुली देण्याचा हा सण. पोळ्याला बैलाबरोबर सालगड्यालाही नवे कापड देण्याची रीत कित्येक गावांत आहे. आपल्या वाडवडिलांनी बैल आणि सालगडी एका पंगतीला बसवले ते अपमान म्हणून नव्हे. दोघांच्या खांद्यावर घर उभे आहे हे त्यांना ठाऊक होते, म्हणून.

रविवार मागून घ्यावा लागला

आता गिरणी-कारखान्यातल्या रविवारची गोष्ट. आपल्या देशात कामगाराला रविवार इंग्रजाने आपणहून दिला असे पुष्कळ जण समजतात. तसे नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले, आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी अशी नव्हती.

महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी हा प्रश्न हाती घेतला. १८४८ साली जन्मलेले लोखंडे काही काळ स्वतः गिरणीत नोकरीला होते. सत्यशोधक विचाराचे ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र १८८० पासून त्यांनी मुंबईतून चालवले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या काय होत्या? दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास भाकरी खायला. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर अपघात झाला तर बरे होईपर्यंत पगार. आज वाचताना वाटते, यात मागण्यासारखे ते काय? पण त्यासाठी सहा वर्षे लागली.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि पुढच्याच वर्षी, १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. रविवार हा आपल्याकडे खंडोबाचा वार. गिरणीतला बहुतेक कामगार घाटावरचा, घरात खंडोबा असलेला. त्यामुळे हा वार त्याला परका वाटला नाही. लोखंडे १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता वारले. आपण रविवारी सकाळी निवांत चहा घेतो, तेव्हा या माणसाचे नाव निदान घरातल्या पोरांना सांगावे.

दोन फसलेले प्रयोग

सात दिवसांचा आठवडा मोडून पाहण्याचे प्रयत्नही झाले. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर १७९३ साली दहा दिवसांचा आठवडा केला आणि दहाव्या दिवशी सुट्टी ठेवली. लोकांनी हिशोब केला, सातव्याऐवजी दहाव्या दिवशी म्हणजे तोटाच! बारा-तेरा वर्षांत ते गुंडाळावे लागले.

दुसरा प्रयोग रशियाचा, आणि तो साखर कारखान्याच्या माणसाने नीट समजून घ्यावा असा आहे. १९२९ साली तिथे ठरले की यंत्र एक दिवसही थांबता कामा नये. म्हणून आठवडा पाच दिवसांचा केला. कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येक गटाला एक रंग दिला, आणि रोज एका रंगाची सुट्टी. यंत्र चालूच राहिले. पण नवऱ्याची सुट्टी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या, पोरांची तिसऱ्याच. सुट्टी मिळूनही घर एकत्र बसेना. १९३१ पासून हा प्रकार आवरता घेतला आणि १९४० साली सात दिवसांचा आठवडा पुन्हा आला. धडा एवढाच, की पाळीपाळीने सुट्टी देता येते, पण घरची माणसे एका दिवशी मोकळी झाली नाहीत तर ती सुट्टी नुसती कागदावर राहते.

फडातला वार

आता मूळ मुद्द्यावर येतो. कारखान्याच्या कामगाराला कायद्याने साप्ताहिक सुट्टी आहे. तीन पाळ्यांत ती आलटून पालटून मिळते. शेती गटाचे कर्मचारी, ऑफिसचे कर्मचारी, सर्वांना आहे. एवढेच काय, कारखान्याच्या यंत्रालाही आहे. नळ्यांत खपली धरली, रस नीट आटेना, की जनरल क्लिनिंगसाठी गाळप थांबवावेच लागते. नाही थांबवले तर वाफ जास्त जाते आणि उतारा मार खातो, हे कुणाला पटवून द्यावे लागत नाही.

सुट्टी नाही ती एकाला. बीड, नगर, जालन्याकडून दसरा-दिवाळीच्या सुमारास येणाऱ्या आणि पाडव्याच्या आगेमागे परतणाऱ्या ऊसतोड कामगाराला. त्याची संक्रांत कोपीत, त्याची होळी फडात. पहाटे अंधारात कोयता घेऊन निघायचे, तोडायचे, मोळ्या बांधायच्या, वाहायच्या, आणि वाहन रात्री आले तर रात्री भरायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातले एक आजारी पडले की खाडा, आणि खाड्याचा दंड मुकादमाच्या वहीत उचलीवर चढतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड भगिनींच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. महिन्याच्या त्या चार दिवसांतही खाडा परवडत नाही, हे त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले. ही बाब वाचून ज्याला चहा कडू लागला नाही असा सभासद आपल्यात नसेल.

यावर काही सभासद म्हणतील, तोड थांबली तर कारखाना नो-केन होईल, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक उतरते. ऊस साठवून ठेवून सुट्टी देता येत नाही, हेही खरे. पण सगळ्यांनी एकाच दिवशी थांबावे असे कोण म्हणतो? टोळ्या सात गटांत वाटाव्यात, रोज एका गटाने विसावा घ्यावा. टोळी पूर्ण थांबावी, म्हणजे नवरा-बायको दोघे मोकळे होतील, रशियासारखे व्हायचे नाही. टोळीबरोबरच्या गाडीवानाचे बैलही त्या दिवशी सुटतील. याला सहा टोळ्यांमागे एक टोळी जादा लागेल. तो खर्च आहे, आम्ही तो लपवत नाही. पण जनरल क्लिनिंगचा दिवस काही गटांना जोडून दिला, पाळीपत्रक नीट आखले, गव्हाणीपाशी वाहने तासन् तास अडकून पडण्याचे थोडे कमी केले, तर त्यातला बराच भाग निघून येईल. विसावलेल्या हाताची तोड जमिनीलगत होते, वाढ्यात कांडी जात नाही, हा फायदाही धरला पाहिजे. बुडख्याला साखर जास्त असते. तो चार बोटे उंच तोडला तर नुकसान सभासदाचे आणि कारखान्याचे, दोघांचे.

आणखी एक गोष्ट आपल्या हातात आहे, तिला कुणाच्या ठरावाची गरज नाही. आपल्या फडात टोळी असताना सुट्टीच्या दिवशी तिला हाक मारायची नाही. “माझी एवढी खेप तेवढी भरून द्या” असे म्हणायचे नाही. आपली पाळी एक दिवसाने पुढे गेली म्हणून चिटबॉयच्या अंगावर जायचे नाही. संक्रांतीला टोळीच्या कोपीत तिळगूळ पोचवायचा. आपला ऊस ज्याने तोडला त्याला गोड बोला म्हणायला आपण जाणार नाही, तर दुसरे कोण जाणार?

या लेखातली माहिती सभासदांनी घरी वाचून दाखवावी, आणि टोळ्यांच्या पाळीने सुट्टीचा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत कोणीतरी सभासदाने उभे राहून मांडावा, अशी आमची विनंती आहे. मांडणारा एक असला तरी चालेल.  विरोध असेल तर तोही सभेत उघड मांडावा. आकडे घेऊन बोलू, ताळेबंद समोर ठेवून बोलू. सहकारात बोलायला मनाई नाही.

शनिवार असो, शुक्रवार असो, रविवार असो, की नंदीचा सोमवार, प्रत्येक धर्माने माणसाला एकच सांगितले: राबणाऱ्याला थांबू द्या. आपल्या फडात तो वार कोणता असावा, हे ठरवणे आता आपल्याकडे आहे.